दोन उजवे पाय

९ जानेवारी, सोमवार

आज माशीचं पाऊल पाहिलं. एकेचाळीस वर्षं माशा मारत आले, पण त्यांना पावलं असतात हे ठाऊकच नव्हतं! दोन नख्या, नख्यांच्या मध्ये दोन गुबगुबीत गाद्या आणि गाद्यांवर दाट केस. म्हणून तर बाईसाहेब काचेवर उलट्या चालतात. स्क्रीनवर फोटो जुळून आला तेव्हा मी एकटीच ‘अगं बाई गं!’ म्हणून ओरडले. शेजारच्या वर्गातून दोन मुली धावत आल्या. त्यांना वाटलं, पाल पडली.

वही नवी आहे, तेव्हा पहिल्या पानावर रीतसर लिहून ठेवते. मी दागिन्यांची फोटोग्राफर. पंधरा वर्षं अंगठ्या आणि कानातल्यांचे फोटो काढले. आता दुकानदार मोबाइलवर स्वतःच काढतात, त्यामुळे मी बरीचशी रिकामी होते. अशात कॉलेजच्या प्राचार्यबाईंचा फोन आला. त्यांच्या कीटक-संग्रहालयाला पन्नास वर्षं होतायत. बारा फोटो हवेत, प्रत्येक दरवाजाएवढा. प्रदर्शन १८ फेब्रुवारीला. प्रिंट माझा नवरा काढणार. त्याचा छपाईचा धंदा आहे, म्हणून घरात मी त्याला छापखानाच म्हणते.

किडे दागिन्यांपेक्षा अवघड निघाले. इतक्या जवळून एका फोटोत केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो. मग कॅमेरा स्क्रूवर कणाकणानं पुढे सरकवायचा, दीडशे-दोनशे फोटो घ्यायचे आणि त्यांतले स्पष्ट काप कॉम्प्युटरवर एकमेकांवर रचायचे. उजेड मऊ करायला टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून किड्यावर पालथा घालते. व्हरांड्यातून कुणी धावलं की पंचावन्नावा फोटो हलतो आणि पुन्हा श्रीगणेशा. आज चार वेळा झाला. राग अजिबात आला नाही, हे विशेष.

११ जानेवारी, बुधवार

आज संग्रहालयाच्या मालकांची भेट झाली. तसे ते आता मालक नाहीत, वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेत. पण सगळे किडे त्यांनी गोळा केलेले, म्हणून कॉलेजात सर म्हणजे तेच. वय ऐंशी, हातात काठी, आवाज खणखणीत. बरोबर काकू होत्या, म्हणजे त्यांच्या पत्नी. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या कमरेला. दर महिन्याला येऊन डांबरगोळ्या बदलतात, पिवळ्या फडक्यानं पेट्या पुसतात. प्रत्येक किड्याच्या टाचणीखाली एक चिठ्ठी असते. काय, कुठं सापडलं, कधी, कुणाला. तांदळाच्या दाण्याएवढं अक्षर. मी म्हटलं, सरांचं अक्षर काय सुरेख आहे! काकू म्हणाल्या, “ते माझं आहे. नोकरी त्यांची, हे आपलं माझं रिकामपणाचं.”

भिंतीवर चौकटीत एक छापील पान आहे. बत्तीस वर्षांपूर्वी सरांनी एक भुंगेरा शोधला, जगात कुणाला माहीत नसलेला. तो एकच मिळाला, पुन्हा कधी सापडला नाही. ओळखायची खूण म्हणजे पुढच्या नडगीवर सात दात. शेजारी शाईनं काढलेलं चित्र आहे, काकूंच्याच हातचं. कॉलेजात त्याला ‘सरांचा भुंगा’ म्हणतात. मी म्हटलं, मग मधला फोटो याचाच!

“त्याला राहू दे,” सर पटकन म्हणाले. “बाकीचे काढ.”

“जुना झालाय तो,” काकू म्हणाल्या. “हलवलास तर पाय गळतील.”

छापखान्याला सांगितलं तर म्हणतो, दोघांचं एकमत झालं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१४ जानेवारी, शनिवार

काय दिवस! सकाळी हिरवा सोंडकिडा. हा साध्या डोळ्यांना धुळीचा ठिपका वाटतो. जवळून पाहिलं तर पाठभर खवले, एकेक खवला वेगळा चमकणारा, हिरव्यात निळा, निळ्यात सोनेरी. पंधरा वर्षं ज्यांचे दागिने मी पुसून पुसून चमकवले, त्या सगळ्यांना आणून याच्यासमोर उभं करायला हवं. दुपारी मुंगी. तिच्या पुढच्या पायाला चक्क कंगवा असतो, मिशा विंचरायला! आणि मग उडी मारणारा कोळी. आठ डोळे, समोरचे दोन टपोरे. त्या डोळ्यांत माझा अर्धा चेंडू दोन चंद्रांसारखा उमटला. मी त्याला नमस्कार केला. खोटं कशाला लिहू, खरंच केला.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “एवढं दिसतं?”

“काकू, अजून मोठं करता येतं.”

“पायसुद्धा?”

“पायाचे केससुद्धा. केसावरची धूळसुद्धा.”

त्यांनी नुकतंच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. म्हातारपणी माणसांना स्वच्छतेचा नाद लागतो, माझ्या आईचंही असंच होतं.

१९ जानेवारी, गुरुवार

प्राचार्यबाई अडून बसल्या. सरांचा भुंगा नाही तर प्रदर्शन नाही. पन्नास वर्षांत या संग्रहालयाला साऱ्या जगात नाव मिळालं ते त्याच एका जीवामुळे. बाहेरगावचे दोन तज्ज्ञ खास त्यासाठी येणार आहेत. सर शेवटी तयार झाले. मग मला म्हणाले, “वरून काढ. पाठ छान आहे त्याची. पायांच्या भानगडीत पडू नकोस.”

पडू नकोस म्हटलं की मी पडतेच. लग्नही असंच झालं माझं.

२५ जानेवारी, बुधवार

आज जे दिसलं ते क्रमानं लिहिते.

काकूंनी पेटी टेबलावर ठेवली आणि बसूनच राहिल्या. शेवटी प्राचार्यबाईंनी त्यांना चहाला नेलं. मी भुंगेरा तिरका केला, चेंडू ठेवला, एकशे ऐंशी फोटो घेतले. जुळवले. काळाभोर चकचकीत, कपाळावर छोटंसं शिंग. देखणा गडी! मग नजर पायांवर गेली आणि काहीतरी खटकलं. का, ते कळेना.

कळलं ते कानातल्यांमुळे. कानातल्यांची जोडी कधीच सारखी नसते. डाव्याचा मोर डावीकडे बघतो, उजव्याचा उजवीकडे. दुकानदार कधी दोन्ही उजवेच पाठवतो, तेव्हा फोटोत सगळ्यात आधी मला खटकतं. इथं तेच! उजव्या पायाचे दात बाहेर, डाव्या पायाचे दात आत. भुंग्याला दोन्ही पाय उजवे!

खांद्याशी मोठं करून बघितलं. दोन्ही सांध्यांवर पिवळसर वाळका थेंब. डिंक. खोटा खडा चिकटवलेल्या अंगठीत अस्साच दिसतो. मला त्यात कुणी फसवू शकत नाही. डाव्या थेंबात एक धागाही अडकलाय, सुती, पिवळ्या रंगाचा. तो तिथं कसा आला देव जाणे. आणि दात मोजले. पाच. भिंतीवरच्या पानावर सात, भुंग्याला पाच.

शोध लागल्याचा आनंद झाला, अगदी टाळ्या वाजवाव्यात असा. मग हळूहळू कळलं की मी नक्की काय शोधलंय. सरांनी जगातला नवा भुंगेरा शोधला नव्हता. घरी बनवला होता.

३० जानेवारी, सोमवार

छापखान्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोन्ही उजवे? मग शिस्तीत चालत असेल.” मी हसले नाही तेव्हा खुर्ची ओढून बसला.

“नक्की सरांनीच केलं?”

“दुसरं कोण करणार? पायांचा फोटो काढू नकोस म्हणाले ते. चोराच्या मनात चांदणं.”

“काकूपण म्हणाल्या ना?”

“नवऱ्याला सांभाळून घेतात बिचाऱ्या.”

पाच दिवस डोक्यात भुंगा भुणभुणतोय, शब्दशः. हा फोटो टांगला तर बाहेरगावचे तज्ज्ञ पाच मिनिटांत ओळखतील. सरांच्या नावावर जगात एवढी एकच गोष्ट आहे. त्यांनी त्यानंतर एकही किडा शोधला नाही, प्राचार्यबाईंनी सांगितलं. ऐंशीव्या वर्षी चारचौघांत ती एकही काढून घ्यायची आणि ती मी घ्यायची? मला माशीच्या पावलाचा आनंद पुरेसा होता.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं. उजव्या पायाचं उलटं प्रतिबिंब डावीकडे बसवलं. दोन्हींवर दोन-दोन दात वाढवले. डिंक पुसला, धागा उडवला. अकरा मिनिटं लागली. आमच्या धंद्यात याला सफाई म्हणतात, ती मी हजारो वेळा केलीय. भुंगा आता भिंतीवरच्या पानासारखा दिसतो. काम इतकं बेमालूम झालंय की मलाच दिसत नाही.

कोळ्याच्या डोळ्यांचा फोटो मात्र आज मला बघवला नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

सरांना नमुना-प्रिंट दाखवला. त्यांनी आधी पाठ पाहिली, शिंग पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. मग जणू कुणी मान धरून वळवावी तसे पायांकडे वळले. ओठ हलत होते. बोट टेकवत टेकवत मोजत होते.

“सात?” त्यांनी मला विचारलं.

“सात.”

“हे असंच आलं? कॅमेऱ्यातून?”

“हो सर,” मी म्हणाले. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, तसं.

ते खाली बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा मोजले. मग जे हसले! समोरच्या ताटलीतली चार बिस्किटं खाल्ली, त्यातलं एक माझं होतं. फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, काठी टेबलालाच राहिली. पकडले गेलो नाही म्हणून माणूस इतका आनंदी होऊ शकतो? मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांचं हसू बघून मीही येडबंबूसारखी हसत होते.

काकू काठी न्यायला परत आल्या. प्रिंटसमोर उभ्या राहिल्या. फार वेळ.

“हा पाय असा नाहीये गं,” त्या म्हणाल्या.

मग त्या काठी घेऊन गेल्या आणि किल्ल्यांचा जुडगा विसरल्या. जो जुडगा, म्हणे, त्या झोपतानाही उशाशी ठेवतात.

८ फेब्रुवारी, बुधवार

मी मूर्ख आहे. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

काकू आज एकट्या आल्या. हातात शिवणाचा डबा आणि नेहमीचं फडकं. दार लावलं, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “ते दात तू घातलेस. त्या पायांना पाचच आहेत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मीच चिकटवलेत.”

एकतीस वर्षांपूर्वी पेट्या पुसताना फडकं अडकलं आणि भुंग्याचे पुढचे दोन्ही पाय तुटून उडाले. फरशीवर रांगून शोधले, मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे तो भुंगा बघायला येणार होते. “हे तेव्हा फार तापट होते गं. पेटीच्या काचेवर बोटांचे ठसे दिसले तर जेवायचे नाहीत.” मग त्यांनी जादा किड्यांच्या पेटीतून याच्याच भावकीतले दोन साधे भुंगेरे घेतले. एकाचेच दोन पाय गेले तर यांच्या लक्षात येईल, म्हणून दोघांचा एकेक काढला. घाईत दोन्ही उजवे निघाले. डिंक वाळल्यावर कळलं. तोवर पाहुणे जिना चढत होते.

मी त्यांच्या हातातल्या फडक्याकडे बघत होते. पिवळं. महिनाभर रोज बघतेय. त्याचाच धागा डिंकात पाहिला आणि तरी मी एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवलं. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक. मी गाठला, तोही चुकीचा.

“सांगितलं का नाहीत?”

“उद्या सांगू, उद्या सांगू. मग त्याच वर्षी यांनी किडेच सोडले. पेटी उघडेनात, जंगलात जाईनात. का ते कधी बोलले नाहीत. मला वाटलं, आता कुठं तो विषय काढायचा?”

मग त्यांनी डबा उघडला. बटणं, सुया, गुंडाळलेली नाडी, आणि तळाशी औषधाची रिकामी पारदर्शक कुपी. कुपीत कापसावर काहीतरी काळं, पापणीच्या केसाएवढं.

“तीन महिन्यांनी कपाट हलवलं तेव्हा हा एक सापडला. डावा. खरा.”

११ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्या जन्माचं काम आज केलं! पाय इतका हलका की माझा श्वास लागला तरी उडेल. तोंडाला रुमाल बांधला. काकूंनी चिमट्यानं उचलून ठेवला. त्यांचा हात अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यापेक्षा स्थिर आहे. दोनशे दहा फोटो. खाली मुलांचा सामना चालू होता, छापखान्यानं जाऊन बंद करवला. काय सांगितलं विचारलं तर म्हणतो, “वरती ऑपरेशन चालू आहे म्हणालो. पायाचं.”

कॉम्प्युटर काप रचत होता, तळापासून एकेक दात उजेडात येत होता. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. चार. पाच. पाचनंतर मी डोळे मिटले, खरंच मिटले. काकू म्हणाल्या, “उघड.” सहा. आणि टोकाला, किंचित वाकडा, सातवा! आम्ही दोघी उड्या मारल्या. म्हणजे मी मारल्या, काकूंनी टाचा उचलल्या.

भुंगा खरा आहे. सर खरे आहेत. चित्रही खरं, सातव्या दाताच्या वाकडेपणासकट.

तो सफाईचा प्रिंट मी फाडला. भुंग्याचा मूळ फोटो, डिंक आणि धाग्यासकट, छपाईला दिला, आणि त्याच्या शेजारी लावायला या पायाचाही. काकूंनी पायासाठी रीतसर चिठ्ठी लिहिली, तीसुद्धा फोटो काढून मोठी छापायची ठरली. मी म्हटलं, सरांना आधी घरी सांगा.

“नको. उद्घाटनालाच कळू दे. चारचौघांत ते ओरडत नाहीत.”

१८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं लिहून काढते, एक अक्षर गाळायचं नाही.

सभागृह भरलं होतं. माशीच्या पावलापाशी मुलांची गर्दी, कोळ्यासमोर एक बाई आपल्या बाळाला “बघ, तो तुला बघतोय” म्हणत होती. एरवी मी हवेत तरंगले असते. पण माझं लक्ष सरांकडे होतं. नवा शर्ट, भांग पाडलेला. येतानाच दोन्ही तज्ज्ञांना ऐकवत होते, “सात दात, या मुलीच्या कॅमेऱ्यात स्वच्छ आलेत.” मी त्यांना एका खोट्या फोटोवर बारा दिवस आनंदात ठेवलं होतं.

मधल्या फोटोवरचा पडदा सरकला. सरांनी काठी उचलली आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. काठी तिथंच थांबली.

ते माझ्याकडे वळले. चेहरा असा की मला पुन्हा बघायचा नाही. हळू म्हणाले, “तू मला सात दाखवले होतेस.”

“मी घातले होते, सर. चुकले. तुम्हाला वाचवायला गेले.”

“म्हणजे पाचच.” त्यांनी मान हलवली. “मला माहीत होतं. एकतीस वर्षं माहीत आहे.”

सर त्या तज्ज्ञांकडे बघून बोलायला लागले. शोध छापून आल्यावर वर्षभरानं कुणा अभ्यासकाचं पत्र आलं, दात पुन्हा मोजून कळवा. यांनी भिंग घेऊन मोजले तर पाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. “मला वाटलं, सात मी पाहिलेच नव्हते. नवा किडा सापडावा एवढी हाव सुटली होती की नसलेले दात दिसले. मी उत्तर दिलं नाही. पेटी बंद केली. ज्याचे डोळे असे खोटं बोलतात त्यानं पुन्हा किडा हातात घेऊ नये.”

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना हे आज कळत होतं, माझ्याबरोबरच. त्या पुढे झाल्या आणि सरांचा दंड धरून त्यांना शेजारच्या, सुट्या पायाच्या फोटोपाशी नेलं.

“अहो, इकडे या. हा मोजा.”

“पुरे झालं मोजणं.”

“मोजा म्हणते ना!”

या बाईचा आवाज इतका मोठा निघतो हे मला माहीत नव्हतं, सरांनाही नसावं. त्यांनी मुकाट काठी उचलली. पाय त्यांच्याहून उंच होता. एक. दोन. तीन. मुलं बरोबरीनं मोजायला लागली. चार, पाच. इथं सर थांबले, सगळं सभागृह थांबलं. सहा. आणि काठी त्या वाकड्या टोकावर टेकली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द निघेना. सात मुलं म्हणाली.

मग त्यांनी शेजारची चिठ्ठी वाचली. दाण्याएवढं अक्षर आम्ही वीतभर केलं होतं.

‘सरांचा भुंगा. पुढचा डावा पाय, खरा. सापडला: कपाटाखाली, एकतीस वर्षांपूर्वी. तोडणारी, लपवणारी व शोधणारी: एकच.’

“तू?” सर म्हणाले.

“फडकं अडकलं. तुम्ही ओरडला असता.”

“ओरडलो असतोच!” ते खरोखर ओरडले. चारचौघांत, तज्ज्ञांसमोर. मग आवाज चिरकला. “एक दिवस ओरडलो असतो गं. एक दिवस.”

काकू रडत होत्या. सर त्यांच्या डोळ्यांवर आधी बाही, मग त्यांचंच पिवळं फडकं धरून उभे राहिले. मीही रडले, छापखानाही रडला, नंतर म्हणाला शाई डोळ्यात गेली.

बऱ्याच वेळानं सरांनी चष्मा नीट केला आणि पुन्हा पायाकडे बघितलं. या वेळी सावकाश, वरपासून खालपर्यंत, मी माशीचं पाऊल बघितलं होतं तसं.

“आणि उजवा?” त्यांनी विचारलं.

“नाही मिळाला.”

“कुठल्या कपाटापाशी तुटला?”

“खिडकीजवळच्या.”

“मग चल की.”

प्राचार्यबाई “सर, दीपप्रज्वलन, भाषण” म्हणत मागे धावल्या. कोण ऐकतंय! संग्रहालयात छापखान्यानं आणि दोन्ही तज्ज्ञांनी मिळून कपाट ओढलं. सर काठी टाकून गुडघ्यांवर बसले, शेजारी काकू. दोघंही फरशीच्या फटी बोटानं चाचपत होती, आणि काकू सांगत होत्या की फडकं आधी भिंतीकडे झटकलं होतं. मी कॅमेऱ्याची लेन्स काढली, फरशीवर पालथी पडले आणि पहिल्या फटीपासून बघायला सुरुवात केली. प्राचार्यबाईंनी मोबाइलचा दिवा धरला.